शंभर गुणांचा तक्ता आणि लेबर रूमचं पत्र

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात एका नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्या मॅडमचा फोन आला. त्यांच्या संस्थेने त्या वर्षी पहिल्यांदाच ‘उत्कृष्ट शिक्षक’ पुरस्कार द्यायचं ठरवलं होतं, शिक्षक दिनाला, ५ सप्टेंबरला. निवड समितीत बाहेरचं कुणीतरी हवं होतं. “दोनच मीटिंग आहेत मॅडम, फाइल तयार आहे,” त्या म्हणाल्या. ‘फाइल तयार आहे’ हे ऐकलं की माझ्या पोटात जरा गोळाच येतो, इतकी इन्स्पेक्शनं पाहिली आहेत. तरी हो म्हटलं.

कॉलेज खासगी, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न. बीएस्सी नर्सिंगच्या मुलामुलींची क्लिनिकल पोस्टिंग संस्थेच्या स्वतःच्या हॉस्पिटलात आणि काही महिने जवळच्या सरकारी रुग्णालयात. गाव सांगत नाही, माणसांची नावंही नाहीत. आमच्या क्षेत्रात दोन तपशील जुळले की तिसरा फोन येतोच.

समितीत आम्ही पाच जण होतो. प्राचार्या, संस्थेचे एक विश्वस्त, हॉस्पिटलच्या मेट्रन, एक विभागप्रमुख आणि मी. समोर शंभर गुणांचा तक्ता. विद्यार्थ्यांचा फीडबॅक ३०, विद्यापीठाचा निकाल २०, शोधनिबंध २०, कार्यशाळा आणि परिषदा १०, संस्थेच्या कामात सहभाग १०, आणि आधी मिळालेले पुरस्कार १०.

शेवटच्या ओळीवर मी थांबले. पुरस्कार मिळवायचा तर आधी पुरस्कार मिळालेला हवा! प्राचार्यांनी खुलासा केला की नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, तक्त्यात शिक्षकांना मिळालेल्या पुरस्कारांचा आकडा भरावा लागतो, तिथून हा रकाना आला. ते खरंच आहे. आणि या एका रकान्यापायी केवढा बाजार उभा राहिलाय, हे नर्सिंगमध्ये शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर महिन्याला एखादा तरी निरोप येतो: नोंदणी शुल्क भरा, सन्मानचिन्ह घरपोच. सरकारी पातळीवर १९७३ पासून राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार आहे, राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जातो, त्याचं मोल निराळं. पण तो नर्सच्या एकूण सेवेचा गौरव. वॉर्डात, पेशंटच्या उशाशी उभं राहून कोण चांगलं शिकवतं, हे शोधायची तयार चाळणी कुणाकडेच नाही. या कॉलेजकडेही नव्हती. त्यांनी डिग्री कॉलेजचा तक्ता उचलून वर नर्सिंगचं नाव टाकलं होतं.

आता हे बघा. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा सुधारित बीएस्सी अभ्यासक्रम २०२१ मध्ये राजपत्रात आला, सेमिस्टर आणि क्रेडिट पद्धत सुरू झाली. त्यात थिअरीचं एक क्रेडिट २० तासांचं, स्किल लॅबचं ४० तासांचं आणि क्लिनिकलचं ८० तासांचं. आठव्या सेमिस्टरला तर २२ आठवड्यांची इंटर्नशिप. म्हणजे विद्यार्थिनीचा निम्म्याहून जास्त वेळ वॉर्डात जातो. आणि या कॉलेजच्या फीडबॅक फॉर्मवर पंधरा प्रश्न होते. शिक्षक वेळेवर वर्गात येतात का, आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचतो का, पीपीटी समजेल अशी असते का, सिलॅबस वेळेत पूर्ण होतो का. चौदा प्रश्न वर्गातले. पंधरावा ‘शिक्षकांचे एकूण व्यक्तिमत्त्व’. वॉर्ड हा शब्द फॉर्मवर कुठेच नाही.

तीन अर्ज, खरं तर अडीच

पहिला अर्ज मेडिकल-सर्जिकलच्या मॅडमचा. पीएच.डी., बारा शोधनिबंध, निकाल उत्तम, नॅकच्या एका निकषाचं सगळं काम त्यांच्या अंगावर. तक्त्याप्रमाणे गुण ८३.

दुसरा कम्युनिटी हेल्थच्या सरांचा. फीडबॅक पाचपैकी ४.८, सगळ्या कॉलेजात सर्वांत जास्त. गुण ७६.

तिसरा अर्ज नव्हताच. फाइलच्या शेवटच्या कप्प्यात एक रेघी कागद घडी घालून ठेवला होता. सरकारी रुग्णालयाच्या लेबर रूममधल्या दोन सिस्टर्सनी लिहिलेलं पत्र. ‘मा. प्राचार्या मॅडम यांस, स. न. वि. वि.’ अशी सुरुवात, अक्षर गोल, मधे एका जागी शाई पसरलेली. मजकूर साधा होता. आमच्याकडे तीन-चार कॉलेजांच्या मुली येतात, तुमच्या कॉलेजच्या अमुक मॅडमनी शिकवलेल्या मुलींना आम्ही रात्रपाळीत बाळंतिणीजवळ एकटं ठेवू शकतो, बाकीच्यांना ठेवत नाही. तुम्ही पुरस्कार देणार असं कळलं म्हणून लिहिलं. कमी-जास्त असल्यास माफी असावी.

या मॅडम म्हणजे ओबीजीच्या, प्रसूती आणि स्त्रीरोग विषयाच्या, ट्यूटर. एमएस्सी नोकरी करता करता उशिरा झालेली. शोधनिबंध शून्य. फीडबॅक ३.१, विभागात सर्वांत कमी. विभागप्रमुखांची शिफारस नाही, म्हणून ऑफिसने ‘अपात्र’ असा शेरा मारून पत्र मागे सरकवलं होतं. प्राचार्यांनी मला दाखवण्यापुरते तक्त्यात आकडे भरले. ४१.

मी पंचवीस वर्षं शिकवतेय. परीक्षक म्हणून किती कॉलेजं फिरले याचा हिशेब नाही. शिक्षकाबद्दल लेबर रूमच्या सिस्टर्सनी आपणहून पत्र लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. वॉर्डची सिस्टर आणि कॉलेजची ट्यूटर यांचं नातं सासू-सुनेइतकं तरी ताणलेलं असतं. “तुमच्या मुली आमचा कापूस संपवतात” हे सगळ्यांत सौम्य वाक्य.

मी म्हटलं, निर्णयाआधी मला तिघांबरोबर एकेक दिवस क्लिनिकलला उभं राहायचंय. आणि गेल्या दोन वर्षांत पास झालेल्या काही मुलींशी फोनवर बोलायचंय. विश्वस्त काका भला माणूस, पण घाईत. “मॅडम, फ्लेक्सवाला थांबलाय. फोटो कुणाचा लावायचा, तेवढं सांगा म्हणजे झालं.” मेट्रन मॅडम म्हणाल्या, “फोटो विद्यार्थ्यांचा लावा, कुणी भांडणार नाही.” त्यावर हसणं झालं आणि मला तीन दिवस मिळाले.

विभागप्रमुखांचा आक्षेप मात्र रास्त होता. फीडबॅक विद्यार्थ्यांनी दिलाय, शिकवणं त्यांनाच भोगावं लागतं, मग त्यांचं का ऐकायचं नाही? ऐकायचंच. प्रश्न त्या आकड्यातून काय कळतं हा आहे. १९७० साली कॅलिफोर्नियात डॉक्टर आणि शिक्षकांसमोर एका नटाला तज्ज्ञ म्हणून उभं केलं होतं. ‘डॉ. फॉक्स’ असं नाव दिलं. बोलणं रुबाबदार आणि विनोदी, मजकूर मुद्दामच पोकळ. श्रोत्यांनी त्याला झकास शेरे दिले. तो प्रयोग छोटा होता, तो बाजूला ठेवला तरी २०१० चा कॅरल आणि वेस्ट यांचा अभ्यास बाजूला ठेवता येत नाही. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत विद्यार्थ्यांना शिक्षक चिठ्ठी टाकल्यासारखे नेमून दिले जातात, स्वतः निवडता येत नाहीत. दहा हजारांवर विद्यार्थ्यांची माहिती तपासली. ज्या शिक्षकांकडे मुलांना त्या विषयात जास्त मार्क मिळाले त्यांचा फीडबॅक चांगला होता. पण पुढच्या, त्याच पायावर उभ्या असलेल्या विषयांत त्यांचीच मुलं मागे पडली. म्हणजे टर्म संपताना भरलेला फॉर्म हा मुख्यतः त्या टर्मच्या मार्कांचा फॉर्म.

हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा कम्युनिटीचे सर बाहेर बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर उपकेंद्राच्या गावी गेले, तेव्हा जीपमध्ये त्यांनी स्वतःच विषय काढला. “मॅडम, इंटर्नलला माझा हात सैल असतो, मला माहितीये. मुलं दमलेली असतात. मी कशाला कुणाचं नुकसान करू?” इतकं सरळ सांगणारा माणूस मला आवडला. गृहभेटीत मुलं आरामात होती, घरातली आजी सरांना नावानं ओळखत होती. पण एका घरात रक्तदाबाच्या गोळ्या दीड महिन्यापासून बंद आहेत हे आजीनं सांगितलं आणि विद्यार्थ्याने रजिस्टरमध्ये ‘औषधोपचार सुरू’ लिहिलं. सरांनी पाहिलं नाही. मी पाहिलं, बोलले, त्यांनी लगेच दुरुस्त करून घेतलं. सरांबद्दल एवढंच.

वॉर्डातले दोन दिवस

मेडिकल-सर्जिकलच्या मॅडमबरोबरचा दिवस मी अपेक्षा धरून गेले होते, ती चुकली. त्या वॉर्डात साडेनऊला आल्या, चाळीस मिनिटं थांबल्या, केअर प्लॅनवर सह्या केल्या आणि ऑफिसला गेल्या. इतकंच लिहिलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. पण दुपारी त्यांनी ओस्कीची, म्हणजे स्टेशनवार घ्यायच्या प्रात्यक्षिक परीक्षेची, कपाटं उघडून दाखवली. प्रत्येक स्टेशनची चेकलिस्ट त्यांनी नव्याने लिहिली होती. दर स्टेशनला दोन परीक्षक, दोघांनी वेगवेगळे मार्क द्यायचे आणि फरक मोठा असेल तर तिथेच बसून का ते लिहायचं. तीन वर्षांपूर्वी या कॉलेजात इंटर्नलच्या मार्कांवरून पालक ऑफिसात येऊन भांडायचे, ते बंद झालं होतं. बारा शोधनिबंधांपैकी बरेचसे मला वाचवले नाहीत, पण एक विद्यार्थ्यांना सुई टोचल्याच्या घटनांवर होता, आणि त्यानंतर त्यांनी प्राचार्यांच्या मागे लागून नीडल स्टिकचं रजिस्टर आणि हिपॅटायटिस बी लसीचा हिशेब सुरू करायला लावला. तो हिशेब चालू होता. पहिल्या वर्षाच्या सगळ्यांचे तीनही डोस भरलेले. वॉर्डात न दिसणारी बाई मुलांना एका मोठ्या धोक्यापासून वाचवत होती. तक्त्यात या रजिस्टरला गुण नव्हते. शोधनिबंधाला होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला मी लेबर रूमच्या दारात चपला बदलत होते. ओबीजीच्या ट्यूटर माझ्या आधी आलेल्या. कागदावर दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा नियम आहे. त्यांच्याकडे त्या दिवशी लेबर रूम, एएनसी (बाळंतपणाआधीचा विभाग) आणि पीएनसी (बाळंतपणानंतरचा) अशा तीन ठिकाणी मिळून बावीस मुली होत्या. हे फक्त याच कॉलेजात असतं असं कुणी म्हणू नये.

त्यांचं शिकवणं समजायला आदल्या संध्याकाळी पाहिलेली स्किल लॅब सांगायला हवी. टेबलावर स्वयंपाकघरात वापरतात तसा डिजिटल वजनकाटा. बाजूला खाण्याचा लाल रंग आणि पातळ कॉर्नफ्लोअरची पेज मिसळून भरलेली पाण्याची बाटली. भिंतीवर हाताने लिहिलेला कागद: कोरा पॅड इतके ग्रॅम, ड्रॉ शीट इतके ग्रॅम, गॉज इतके ग्रॅम. त्या पॅडवर, चादरीवर, केली पॅडमध्ये (बाळंतिणीखाली ठेवायचा रबरी पॅड) रंग ओततात आणि मुलींना एकेकीला विचारतात, किती? मुलगी आकडा सांगते. मग वजन करायचं, कोऱ्याचं वजन वजा करायचं, एक ग्रॅम म्हणजे ढोबळमानाने एक मिलिलिटर. माझ्यासमोर एका मुलीने चादरीवरच्या डागाला “अडीचशे” म्हटलं. काट्यावर ४६० निघालं. नजरेचा अंदाज बहुधा कमी निघतो आणि रक्तस्राव जितका मोठा तितकी चूक मोठी, हे जगभरात दिसलेलं आहे. ५०० मिलिलिटर ओलांडले की तो बाळंतपणानंतरचा रक्तस्राव धरायचा असतो, तेव्हा अडीचशे आणि ४६० यांच्यामधे एका बाईचा जीव असतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासात केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांवर बाळंतपणं होती. खुणा केलेल्या ड्रेपमध्ये (बाळंतिणीखाली लावायच्या प्लास्टिकच्या पिशवीत) रक्त मोजायचं आणि उपचारांचा संच एकदम सुरू करायचा, इतकं केल्यावर तीव्र रक्तस्राव आणि त्यातून होणारे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. ट्यूटर मॅडमना हा अभ्यास माहीत होता का? होता, मोबाइलमध्ये सेव्ह केलेला. पण काटा त्यांनी त्याआधीच घेतला होता. स्वतःच्या पैशांनी.

तर लेबर रूम. साडेनऊच्या सुमाराला एक बाळंतपण सुरळीत झालं. बाळ बाहेर आल्यावर मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन मांडीत गेलं, वेळ विद्यार्थिनीने घड्याळात पाहून मोठ्यानं सांगितली. वार पूर्ण पडली, तपासली. मग चौथी स्टेज, म्हणजे वार पडल्यानंतरची देखरेख: दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, गर्भाशय कडक आहे का, रक्त किती जातंय. विद्यार्थिनीने पॅड बघितला.

“थोडंसंच आहे, मॅम.”

“थोडंसं म्हणजे किती? पोह्यावर कोथिंबीर घालतेयस का?”

आवाज इतका की दारातल्या मावशी आत डोकावल्या. बाळंतिणीची सासू घाबरून उठली, “काय झालं बाई, रक्त जास्त जातंय का?” मुलीचे कान लाल झाले. पॅडचं वजन झालं, आकडा ठीक होता, ट्यूटर मॅडमनी सासूबाईंना समजावलंही नीट. पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी शेजारच्या बेडवरच्या दुसऱ्या मुलीला गर्भाशय हाताने कसं चाचपायचं ते इतकं सुरेख दाखवलं की मीही पुढे वाकले. आधी मुलीच्या स्वतःच्या दंडाचा स्नायू कडक करायला लावला, मग सैल, मग म्हणाल्या, “आता पोटावर हात ठेव आणि मला यांतलं कुठलं ते सांग.”

पण मी पहिल्या मुलीकडे बघत होते. पंधरा मिनिटांनी तिने नाडी धरली. मधेच कुणीतरी ट्रे मागितला, तिची मोजणी तुटली. तिने एकदा ट्यूटर मॅडमकडे पाहिलं आणि कागदावर ८४ लिहिलं. वरच्या ओळीतही ८४ होतं. मी हळूच विचारलं, “मोजली का गं?” ती काही बोलली नाही. मग अगदी बारीक आवाजात, “परत मोजू का?” परत मोजली. ९६ होती. गंभीर काही नव्हतं, लघवी तुंबली होती, मोकळी केल्यावर खाली आली. तरी ८४ आणि ९६ मधलं अंतर मी त्या दिवसापासून विसरलेले नाही.

एमी एडमंडसन यांचा १९९६ चा अभ्यास आम्ही एमएस्सीला शिकवतो. ज्या वॉर्डांचं नेतृत्व चांगलं, तिथे औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. कारण तिथली माणसं चूक सांगायला घाबरत नव्हती. ओरडणाऱ्या शिक्षकाच्या वॉर्डात चुका कमी दिसतात. त्या कमी होतात असं नाही.

चहाच्या वेळी मी ट्यूटर मॅडमना हे सांगितलं, ८४ चा प्रसंगही. त्या कप हातात धरून गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, इथं चूक झाली तर बाई जाते. बावीस मुली आहेत माझ्याकडे. सावकाश समजवायला मला वेळ कुठाय?” याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं. बावीसच्या जागी दहा असत्या तर त्या ओरडल्या असत्या का? बहुतेक ओरडल्याच असत्या, पण कमी.

इन्चार्ज सिस्टरना विचारलं, तुम्ही पत्र का लिहिलं? त्या म्हणाल्या, “बाकीच्या मुली आल्या की फाइल कुठंय, सही कुठंय विचारतात. यांच्या मुली आल्या की पहिल्यांदा पेशंटला हात लावतात. आणि पॅड फेकायच्या आधी विचारतात, सिस्टर, वजन करू का? आता आम्हीच करतो वजन. लाज वाटायला लागली.”

फोन

ट्यूटर मॅडमकडे शिकून पास झालेल्या चार मुलींशी बोलले. तिघींचं साधारण एकच म्हणणं. तेव्हा राग यायचा, आता कळतं. एक पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात लेबर रूमलाच आहे, तिने तिथेही काटा आणायला लावला म्हणे. अशा गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात आणि पुरस्काराच्या फाइलला शोभतात.

चौथी म्हणाली, “मॅम चांगल्या शिकवायच्या. पण मी लेबर रूमला जात नाही. आयसीयू घेतलं. पेशंटसमोर मला एकदा बोलल्या होत्या, त्यानंतर तिथं हात थरथरतो.” थोडं थांबून, “हे त्यांना सांगू नका हं.”

तीन आणि एक. याची बेरीज कशी करायची? फीडबॅकचा ३.१ हा आकडा खोटा नव्हता, हे मला या चौथ्या फोनवर मान्य करावं लागलं. आळशी मुलींनी कडक शिक्षकावर काढलेला राग, असं म्हणून मी तो मनातल्या मनात रद्द केला होता.

मीटिंग

दुसऱ्या मीटिंगमध्ये मी सगळं वाचून दाखवलं, चौथ्या फोनसकट, नाव वगळून. मेट्रन मॅडम तक्ता हातात धरून म्हणाल्या, “हे ८३ आणि ४१ बघून माझ्या वॉर्डात मुलींना शिकवायला कोणाला पाठवा म्हणून सांगू, ते काही मला कळत नाही.” विभागप्रमुख म्हणाले, मग तक्ता बदलूया. आणि इथे, इतका खटाटोप करून, मी विरोध केला.

कारण तक्ता जूनमध्ये नोटीस बोर्डावर लागला होता. मेडिकल-सर्जिकलच्या मॅडमनी त्याप्रमाणे अर्ज केला, त्यात काही खोटं नव्हतं. सुया आणि ओस्कीचं काम तर अस्सल होतं. आता ऑगस्टच्या शेवटी, एका पाहुण्या बाईच्या तीन दिवसांच्या फेरीवर खेळाचे नियम फिरवायचे, तर पुढच्या वर्षी कुणाचाच विश्वास राहणार नाही. आणि ट्यूटर मॅडमना ‘उत्कृष्ट’ म्हणून स्टेजवर उभं करायला माझीही सही सहज उठली नसती. ८४ आडवं येत होतं. विश्वस्त काकांनी तोडगा काढला, ट्यूटर मॅडमना उत्तेजनार्थ काहीतरी देऊ, शाल-श्रीफळ. मेट्रन मॅडम एकदम उसळल्या. “उत्तेजनार्थ? अहो, ती काय रांगोळी स्पर्धेला बसलीय?” तो विषय तिथेच मिटला.

पुरस्कार मेडिकल-सर्जिकलच्या मॅडमना मिळाला. निवेदनात मी ‘संशोधन व शैक्षणिक कार्य’ खोडून सुई टोचल्याच्या रजिस्टरचा उल्लेख घालायला लावला. त्या स्टेजवर ते ऐकून चमकल्या. नंतर मला म्हणाल्या, “मॅडम, ते कुणी पाहिलं असेल असं वाटलं नव्हतं.”

लेबर रूमच्या पत्रावर प्राचार्यांनी सही करून ते ट्यूटर मॅडमच्या सर्व्हिस फाइलला लावलं, आणि त्याआधी त्यांना बोलावून वाचायला दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली, परत उघडलं. “याची झेरॉक्स मिळेल का?” एवढंच विचारलं. त्यानंतर त्या ओरडायच्या थांबल्या, असं काही झालं नाही. पेशंटपासून दूर, साइड रूममध्ये नेऊन बोलायला लागल्या असं इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. तिथूनही ऐकू येतं म्हणे.

पुढच्या वर्षीच्या तक्त्यासाठी मी दोन पानं लिहून दिली. क्लिनिकल शिकवण्याला त्याच्या तासांच्या प्रमाणात गुण. आधीच्या पुरस्कारांचा रकाना रद्द. फीडबॅक दोनदा, एकदा टर्मच्या शेवटी आणि एकदा त्याच मुलींकडून इंटर्नशिपमध्ये, जेव्हा शिकलेलं उपयोगी पडलं की नाही ते कळलेलं असतं. त्यात एक प्रश्न असा की चूक झाली तर या शिक्षकांना तुम्ही स्वतःहून सांगाल का. नाव सुचवायचा हक्क ट्यूटरपासून वरपर्यंत सगळ्यांसाठी आणि वॉर्डच्या इन्चार्जलाही.

प्राचार्यांनी बरंच स्वीकारलं. पहिल्या खेपेला वॉर्डांतून आलेले सगळे फॉर्म सारखेच होते. सगळ्या शिक्षकांना सगळ्या रकान्यांत ‘उत्तम’. सिस्टर्सचंही बरोबर, उद्या त्याच शिक्षकांच्या मुली त्यांना हाताशी लागतात, कोण वाईटपणा घेणार? मग फॉर्म फाडून एकच प्रश्न ठेवला, त्यांच्याच पत्रातून उचललेला: आपल्या वॉर्डात आलेल्यांपैकी कोणाला तुम्ही रात्री पेशंटजवळ एकटं ठेवाल, नावं लिहा. विद्यार्थ्यांची नावं, शिक्षकांची नव्हे. एका वॉर्डातून सहा नावं आली, एकातून एकही नाही, आणि एकातून कागदच परत आला नाही. कोणाला कुणी शिकवलं ते ऑफिसने रोस्टरवरून जुळवलं.

त्या जुळवणीत ट्यूटर मॅडमचं नाव सर्वांत वर आलं, पण तोवर त्या कॉलेजात नव्हत्या. मार्चमध्ये त्यांना सरकारी अधिपरिचारिकेची ऑर्डर आली. सुरुवातीचं मूळ वेतन ३५,४०० रुपये, वर भत्ते. कॉलेजात एमएस्सी करून, बावीस मुली सांभाळून त्यांना हातात याच्या निम्म्याहून जरासेच जास्त मिळत होते. वजनकाटा त्यांचा होता, तो त्या घेऊन गेल्या.

जूनमध्ये प्राचार्यांचा पुन्हा फोन. ओबीजीला कुणी चांगली ट्यूटर सुचवा, लेबर रूममध्ये मनापासून उभी राहणारी. मी दोन माजी विद्यार्थिनींना फोन केला. दोघींनी आधी पगार विचारला. एकीने “कळवते मॅडम” म्हटलं, अजून कळवलेलं नाही. दुसरी हसली आणि म्हणाली, “मॅडम, तुम्ही स्वतः जाल का?”